ब्युरेट घेऊन खाडीवर

पेण तालुक्यातल्या हमरापूरच्या कुठल्याही गणपतीच्या कारखान्यात सकाळच्या वेळी गेलात, तर एक गोष्ट करून पाहा. साच्यात नुकतंच ओतलेलं प्लॅस्टर घट्ट व्हायला लागलं की बाहेरून तळहात टेकवा. मघाशी गार लागणारा साचा थोड्या वेळात कोमट होतो, मग चांगला ऊबदार. शेगडी नाही, ऊन नाही, मग ही ऊब आली कुठून? कारागिरांना हे रोजचं असतं, म्हणून कुणी विचारत नाही. पण हा प्रश्न पडला आणि त्याच्या मागे गेलात, तर तुम्ही रसायनशास्त्राच्या दारात उभे आहात.

जिप्सम नावाचं खनिज साधारण दीडशे अंशांवर भाजलं की त्याच्या स्फटिकात अडकलेलं तीनचतुर्थांश पाणी उडून जातं आणि उरतं ते प्लॅस्टर. त्यात पुन्हा पाणी घातलं की ते पाणी स्फटिकात परत जाऊन बसतं आणि भाजताना घेतलेल्या उष्णतेतली काही परत देतं. तुमच्या तळहाताला लागते ती हीच. आणखी एक हिशेब पाहा. १०० ग्रॅम प्लॅस्टरला घट्ट होण्यासाठी खरं तर जेमतेम १९ ग्रॅम पाणी लागतं. साच्याच्या कानाकोपऱ्यांत ओघळावं म्हणून कारागीर त्याच्या कितीतरी पट घालतो. जास्तीचं पाणी पुढे वाळून जातं आणि मूर्तीच्या अंगात बारीक छिद्रं सोडतं. कच्ची मूर्ती वाळल्यावर हलकी लागते ती त्यामुळे.

आता कारखान्यातून बाहेर पडा आणि खाडीच्या अंगाला चालत जा. आधी भातशेती, मग खारजमीन, बांध, उघाडी, त्यापलीकडे तिवरांची रांग आणि चिखल. ओहोटीला त्या चिखलावर निवट्या उड्या मारत असतात, चिंबोरीची बिळं दिसतात, आणि पाय रुतला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं. चिखलात ऑक्सिजन संपला की काही जिवाणू त्या सल्फेटवर श्वास घेतात आणि हा वायू सोडतात. कारखान्यातलं प्लॅस्टर हे कॅल्शियमचं सल्फेट, आणि चिखलातले जिवाणू सल्फेटवर जगणारे. एकाच गावात, एकाच रसायनाची ही दोन टोकं आहेत.

पेण, रोहा, नागोठणे या भागातली मुलं आणि त्यांचे पालक बारावीच्या निकालानंतर एक प्रश्न हमखास विचारतात: केमिस्ट्री घ्यावी की समुद्राशी, जीवसृष्टीशी संबंधित काही? केमिस्ट्रीला नोकरी आहे, धाटावची एमआयडीसी आहे, रसायनी आहे. समुद्राचं आवडतं, पण पुढे काय होणार कोण जाणे. गेली अनेक वर्षं रसायनशास्त्र शिकवताना मी हा प्रश्न ऐकत आलो आहे. माझं उत्तर असं की यातलं एक सोडावंच लागतं असं अजिबात नाही. दोन्ही करता येतं, आणि आपल्या किनाऱ्याला दोन्ही येणारी माणसं हवी आहेत. मात्र त्यासाठी काय, कधी आणि कोणत्या क्रमाने शिकायचं हे आधीपासून ठरवावं लागतं.

दोन्ही करणारं माणूस कसं असतं, हे पाहायला परदेशात जायची गरज नाही. डॉ. अदिती पंत यांचं नाव तुम्ही अंटार्क्टिकाच्या संदर्भात ऐकलं असेल. १९८३ च्या डिसेंबरात गोव्याहून निघालेल्या भारताच्या तिसऱ्या अंटार्क्टिका मोहिमेत त्या आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया या दोघी. शाळेच्या सामान्यज्ञानात एवढंच येतं. त्यांच्या कामाचा आराखडा मात्र फारसा कुणी सांगत नाही, आणि तुमच्या उपयोगाचा तोच आहे.

जन्म १९४३, नागपूर. औंधच्या पंत घराण्यातल्या, मुत्सद्दी अप्पासाहेब पंतांच्या कन्या. पुणे विद्यापीठातून बी.एस्सी. त्या काळात ॲलिस्टर हार्डी या ब्रिटिश शास्त्रज्ञाचं ‘द ओपन सी’ हे पुस्तक हाती आलं आणि समुद्राची ओढ लागली. पुढे हवाई विद्यापीठात एम.एस. केलं. तिथला विषय होता समुद्रातल्या वनस्पती-प्लवकांचं, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या तरंगत्या वनस्पतींचं प्रकाशसंश्लेषण. मग लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजातून सागरी शैवालांच्या शरीरक्रियेवर पीएच.डी. १९७३ मध्ये त्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आल्या. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था एनआयओ या नावाने ओळखली जाते. तिथे त्यांनी १७ वर्षं काम केलं, पश्चिम किनारा पालथा घातला, अंटार्क्टिकाही त्यातच झालं. आणि १९९० मध्ये, म्हणजे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, एनसीएलमध्ये आल्या. तिथली १५ वर्षं त्यांनी मीठ सहन करणाऱ्या आणि मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांमधल्या विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर काम केलं.

समुद्रावरून रसायनाच्या प्रयोगशाळेत, ते पण निम्मं आयुष्य झाल्यावर! वरवर पाहता रस्ता बदलला असं वाटेल. नीट पाहिलं तर प्रश्न तोच राहिला आहे. समुद्रातलं अन्न कोण तयार करतं, कोण खातं, आणि खाल्लेल्याचं पुढे काय होतं? आधी तो प्रश्न बाटलीभर समुद्राच्या पाण्याला विचारला, नंतर एकेका एन्झाइमला विचारला. मुलांना मी हेच सांगतो. विषयाचं नाव बदलेल, संस्था बदलेल, हातातलं उपकरण बदलेल. प्रश्न एकच पकडून ठेवा. आणि मुलींच्या आई-वडिलांना वेगळं सांगतो, की १९८३ साली एक मराठी बाई बर्फाच्या खंडावर नमुने गोळा करत होती, तेव्हा आज गोव्याला किंवा कोचीला एम.एस्सी.ला मुलगी पाठवताना दोन वर्षं विचार करू नका.

मीठ मानवणारे सूक्ष्मजीव पाहायलाही अंटार्क्टिका लागत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी मिठागराच्या अखेरच्या वाफ्यांत, जिथे मीठ धरायला लागतं, तिथलं पाणी गुलाबी-तांबूस झालेलं असतं. तो रंग मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा आणि एका शैवालाचा असतो. एवढ्या मिठात आपल्या शरीरातली प्रथिनं गोळा होऊन बसतील. यांची मात्र व्यवस्थित चालतात. का चालतात, हा रसायनशास्त्राचा प्रश्न. ते तिथे कुणाच्या पोटात जातात, हा परिसंस्थाशास्त्राचा.

आता हमरापूरच्या स्वतःच्या प्रश्नाकडे येतो, कारण दोन्ही शास्त्रं का लागतात हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या पट्ट्यातल्या हजारो कुटुंबांचं पोट गणपतीच्या मूर्तींवर आहे. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पीओपीच्या, म्हणजे याच प्लॅस्टरच्या, मूर्तींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं आणली, त्यावर वाद झाले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि २०२५ मध्ये मूर्ती घडवायला-विकायला मुभा मिळाली. नैसर्गिक पाण्यातल्या विसर्जनावरची बंधनं मात्र कायम राहिली. या सगळ्या काळात दोन्ही बाजूंनी फार बोललं गेलं. ‘पीओपी म्हणजे विष’ असं एकीकडे, ‘पीओपीने काहीच होत नाही’ असं दुसरीकडे. दोन्ही वाक्यं मला मान्य नाहीत.

कोणतं पाणी, हे आधी विचारावं लागतं. जिप्सम पाण्यात फार कमी विरघळतं, लिटरला साधारण अडीच ग्रॅमच्या आत. म्हणजे १० किलोच्या मूर्तीतलं जिप्सम पुरतं विरघळायला ४,००० लिटरहून जास्त पाणी हवं. छोट्या तलावात शेकडो मूर्ती पडल्या की ते बिचारं तळाशी थर करून बसणार हे उघड आहे. गोड्या पाण्यात सल्फेट मुळात थोडं असतं, त्यामुळे तिथे त्याची भर पडल्यावर पाण्याची जातच बदलते. खुल्या समुद्राच्या पाण्यात मात्र लिटरमागे सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट आधीपासून असतं. तिथे मूर्तीच्या सल्फेटची भर किरकोळ.

मग खाडी कुठल्या बाजूची? इथे पंचांग मदतीला येतं. विसर्जन भाद्रपदात होतं. तोवर पावसाळ्यातला बहुतेक पाऊस डोंगरावरून उतरून खाडीत आलेला असतो आणि खाडीचं पाणी तेव्हा बरंच गोडं असतं. मे महिन्यात जी खाडी समुद्रासारखी वागते, ती गणपतीच्या दिवसांत नदीसारखी वागते. म्हणजे मे महिन्यात मोजलेले आकडे घेऊन भाद्रपदाबद्दल निष्कर्ष काढला, तर तो चुकणार. हे लक्षात यायला रसायन आलं पाहिजे आणि खाडीचा वर्षभराचा स्वभावही माहीत पाहिजे.

तिसरी बाब रंगांची. माझ्या मते खरी काळजी प्लॅस्टरपेक्षा रंगांची आणि न विरघळलेल्या भुग्याची आहे. स्वस्त रंगांत शिसं, क्रोमियम, कॅडमियम अशा धातूंची संयुगं असू शकतात. हे धातू पाण्यात फार वेळ मोकळे राहत नाहीत. बारीक चिखलाच्या कणांना चिकटून खाली बसतात. खारफुटीच्या काळ्या चिखलातलं सल्फाइड त्यांना घट्ट धरून ठेवतं, हे एक परीने संरक्षणच आहे. पण बांधाला खांडी गेल्या, गाळ उपसला, चिखल हवेला उघडा पडला की सल्फाइडचं पुन्हा सल्फेट होतं आणि धरून ठेवलेले धातू मोकळे होतात. मग ते कालवांत, खुब्यांत, चिंबोऱ्यांत किती जातात? हे मोजणारा माणूस पेण तालुक्यातला असावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्याला चिखलातला धातू ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनवर मोजता आला पाहिजे आणि ओहोटीला कुठलं कालव कुठे सापडतं हेही आईकडून, आजीकडून माहीत असलं पाहिजे.

पुण्याच्या एनसीएलने पीओपी मूर्तींसाठी एक पद्धत काढली आहे, ती या भागातल्या प्रत्येक विज्ञानशिक्षकाने वर्गात करून दाखवावी. अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मूर्ती ठेवली की कॅल्शियम सल्फेटचं हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होतं, तेच खडूत असतं, आणि द्रावणात अमोनियम सल्फेट उरतं, ते खत म्हणून चालतं. पुण्यात महापालिकेने घरगुती विसर्जनासाठी ही पावडर लोकांना दिली. रसायन सुंदर आहे. पण ते द्रावण थेट खाडीत ओतलं, तर अमोनियमचं खत खाडीला मिळेल आणि शैवाल माजेल. म्हणून ते झाडांना, शेताला, पातळ करून. रसायनशास्त्रज्ञ पहिला भाग सांगतो, परिसंस्था जाणणारा दुसरा. दोन्ही एकाच डोक्यात असले तर सल्ला पूर्ण होतो.

एवढं वाचून कुणाच्या मनात आलं असेल की चला, सुरुवात करू, तर पदवीची वाट पाहू नका. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आयोडोमितीचं टायट्रेशन करतोच आपण. तेच टायट्रेशन १८८८ साली विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने पाण्यातला ऑक्सिजन मोजायला वापरलं, आणि आजही उपकरणांचं अचूकपण तपासायला समुद्रावर तेच वापरतात.

३०० मिलीची काचेची बाटली घ्या, तिला घासून बसणारं काचेचं बूच असतं. खाडीचं पाणी नळीने बाटलीच्या तळाशी सोडा, वरून सांडू द्या, बुडबुडा एकही राहता कामा नये. बुडबुडा राहिला की हवेतला ऑक्सिजन मोजला जाईल. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड, दोन्ही पिपेटचं टोक पाण्यात बुडवून. बूच लावून बाटली उलटी-सुलटी करा. ऑक्सिजन असेल तर तपकिरी गाळ खाली बसतो, नसेल तर गाळ पांढराच राहतो. तो पांढरा गाळ पहिल्यांदा पाहाल तेव्हा पोटात खड्डा पडेल, कारण त्या पाण्यात मासा जगणार नाही हे डोळ्यांना दिसलेलं असतं. पुढे जपून सल्फ्युरिक आम्ल, गाळ विरघळून पिवळसर तपकिरी आयोडीन, ब्युरेटमधून थायोसल्फेट, शेवटी स्टार्चची निळाई आणि एका थेंबाला ती निळाई जाणं. त्यातलं २०० मिली पाणी घेतलं आणि थायोसल्फेट ०.०२५ नॉर्मल असलं, तर जितके मिली लागले तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन दर लिटरला. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात हा आकडा ८ च्या थोडा वर जाऊ शकतो, समुद्राच्या पाण्यात ७ च्या आत राहतो. २ च्या खाली आला की बहुतेक जलचरांचा जीव घुसमटतो.

आता याच बाटल्यांपासून अदिती पंतांच्या विषयापर्यंत जाता येतं. एकाच जागच्या पाण्याने तीन बाटल्या भरा. एकीतला ऑक्सिजन लगेच मोजा. दुसरी बूच लावून तशीच पारदर्शक, तिसरी काळ्या कापडाने किंवा फॉइलने पूर्ण गुंडाळलेली. दोन्ही दोरीने पाण्यात तीन-चार तास सोडा. काळ्या बाटलीत फक्त श्वसन होतं, पारदर्शक बाटलीत श्वसन आणि प्रकाशसंश्लेषण दोन्ही. दोन्हींतल्या ऑक्सिजनचा फरक म्हणजे त्या वेळात प्लवकांनी केलेली एकूण कमाई. ही पद्धत १९२७ ची आहे आणि तिला विजेचं बटणसुद्धा लागत नाही. आपल्या गढूळ खाडीत एक वीत खोलीवर आणि दोन हात खोलीवर काय फरक पडतो ते पाहा. उधाणाच्या दिवशी चिखल उसळलेला असतो, भांगाच्या दिवशी पाणी निवळतं; दोन्ही दिवशी करून पाहा. पाण्यातला खारेपणा सिल्व्हर नायट्रेटच्या टायट्रेशनने मोजता येतो, क्लोराइडचा आकडा १.८०६५५ ने गुणला की झालं. पण सिल्व्हर नायट्रेट महाग आहे, त्यामुळे सुरुवातीला साधा रिफ्रॅक्टोमीटर बरा.

स्वतःच्या अनुभवातलं एक सांगतो. सुरुवातीच्या काळात आम्ही खाडीचं पाणी बाटल्यांत भरून संध्याकाळी प्रयोगशाळेत आणायचो आणि दुसऱ्या दिवशी तपासायचो. आकडे इतके विचित्र यायचे की उपकरणावर संशय घेतला. दोष आमचा होता. बाटलीतल्या जिवाणूंनी रात्रभर त्यांचं काम चालू ठेवलं होतं, ऑक्सिजन खाल्ला होता, अमोनियाचे आकडे बदलून टाकले होते. एका हंगामाचं काम वाया गेलं. बाटलीतलं पाणी जिवंत असतं, हे रसायनाच्या माणसाला फार उशिरा कळतं. ऑक्सिजनचे पहिले दोन अभिकारक खाडीच्या काठावरच घालायचे, पोषकद्रव्यांचे नमुने बर्फात, गाळून, अंधारात आणायचे. हे सगळ्यात आधी शिका.

आणि खाडीवर एकट्याने कधीही जाऊ नका. भरतीची वेळ आधी पाहा, चिखलाची ओळख असलेला माणूस बरोबर घ्या, आम्ल नेताना चष्मा आणि हातमोजे घाला. खारफुटी तोडणं गुन्हा आहे. फांदीही मोडायची नाही. संरक्षित जागेतून नमुने घ्यायचे असतील तर कॉलेजमार्फत वनखात्याच्या कांदळवन कक्षाची परवानगी काढा.

शिक्षणाचं आता थोडक्यात. अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घ्या. गणित सोडलेल्या मुलांना पुढे सांख्यिकी जड जाते आणि परिसंस्थाशास्त्र म्हणजे निम्मी सांख्यिकीच आहे. बी.एस्सी. रसायनशास्त्रात करा, आणि जोडीला प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र ठेवा. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य आणि गौण विषयांची अशी जोडी बसवता येते, कॉलेजला नीट विचारा. माझा कौल आधी रसायनाला आहे, कारण मोजण्याचं कौशल्य तरुणपणी हातात बसतं. खाडीचं ज्ञान तुम्हाला घरून मिळतच आहे. ज्यांना माशांचीच ओढ आहे त्यांनी रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाचा विचार करावा. बारावीनंतर पुण्याच्या आयसरची प्रवेश परीक्षा जरूर द्या, तिथे पहिल्या वर्षांत सगळेच विषय शिकवतात.

एम.एस्सी.ला खरी फांदी फुटते. कोचीच्या कोचीन विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठात रासायनिक समुद्रविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, तिथली हायड्रोकेमिस्ट्रीची एम.एस्सी. ही रसायन आणि समुद्र यांच्या बरोबर सांध्यावरची पदवी. गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान आहे. मुंबईत वर्सोव्याला १९६१ पासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, कारवारला कर्नाटक विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्राचं केंद्र आहे. पात्रतेच्या अटी दरवर्षी त्यांच्या माहितीपत्रकातच वाचा, कुणाच्या तोंडी माहितीवर अर्ज भरू नका. पीएच.डी.साठी सहसा सीएसआयआर-यूजीसी नेट द्यावी लागते. तिच्यात रासायनिक विज्ञान, जीवविज्ञान आणि पृथ्वी-वातावरण-समुद्र विज्ञान असे वेगवेगळे पेपर आहेत, जो तुमचा पक्का त्यातून बसा. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ४२,००० होते. त्यात घर चालतं, चैन होत नाही. त्याआधी पदवीत असतानाच देशातल्या तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी शिष्यवृत्तीला अर्ज करा. दोन महिने एनआयओत किंवा एनसीएलमध्ये काढलेला मुलगा परत येतो तो वेगळाच माणूस होऊन येतो, हे मी पाहिलं आहे.

पीएच.डी.नंतर कायमची जागा मिळायला वर्षं जातात, कंत्राटी प्रकल्पांवर काम करावं लागतं, हे पालकांनी गृहीत धरावं. पण हाताला मोजता येत असेल तर माणूस रिकामा राहत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळ, पर्यावरण सल्लागार कंपन्या, मान्यताप्राप्त तपासणी प्रयोगशाळा, कोळंबी संवर्धन, सगळीकडे पाणी आणि गाळ तपासणारा लागतो. ज्यांना घरच्या परिस्थितीमुळे बी.एस्सी.नंतर लगेच धाटावला किंवा रसायनीला क्वालिटी कंट्रोलमध्ये लागावं लागलं, त्यांनी दार बंद झालं असं समजू नये. गॅस क्रोमॅटोग्राफी, एचपीएलसी, ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन ही उपकरणं तीन वर्षं रोज चालवलेला माणूस समुद्राच्या प्रयोगशाळेला हवाच असतो. पैसे साठवा, एम.एस्सी. करा, नेट द्या.

हातात घ्यायला प्रश्न तर आजूबाजूला पडलेले आहेत. मोडक्या कच्च्या मूर्तींचा, रंग न लागलेला भुगा पुन्हा भाजून किती वेळा वापरता येतो आणि दर वेळी त्याची ताकद किती घटते? चोपण जमिनीला जिप्सम देतात, तर हा भुगा आपल्या खारजमिनीला चालेल का, की तिथे त्याचा उपयोगच नाही? उत्तर मातीच्या परीक्षणावर आहे. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र आहे, खाऱ्या जमिनीत येणाऱ्या पनवेल-१, २, ३ या भाताच्या जाती तिथल्याच, त्यांना जाऊन भेटा. खांडी गेलेल्या शेतात समुद्राचं पाणी शिरून तिवरं उगवली, तिथल्या चिखलात दहा वर्षांत काय बदललं? शेततळ्यातल्या जिताड्याला पहाटे किती ऑक्सिजन मिळतो? हा मासा तरुणपणी नर असतो, मोठा झाल्यावर त्याची मादी होते आणि अंडी घालायला त्याला खारं पाणी लागतं. बांध-उघाड्यांनी त्याची वाट कुठे अडते, हे आपल्या भागातल्या म्हाताऱ्या मच्छीमारांना विचारून नकाशावर उतरवलं तरी ते संशोधन आहे. नोंदी मराठीत ठेवल्या तरी हरकत नाही, शोधनिबंध लिहायचं इंग्रजी पुढे येतं.

येत्या अमावास्येच्या उधाणाला मोठ्या माणसाबरोबर बांधावर जा आणि दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर हे लिहा: तारीख, तिथी, वेळ, भरती की ओहोटी, पाण्याचं तापमान, पाण्याचा रंग, काय दिसलं. पंधरा दिवसांनी पुन्हा जा. असं वर्षभर केलंत तर प्रवेशाच्या मुलाखतीला ती वही घेऊन जा आणि टेबलावर ठेवा.